खालुबाजा आणि कापडी बाळ

संकट आलं की कुणी देवाचा धावा करतं, कुणी पुढाऱ्याला फोन लावतं, कुणी सरळ पळत सुटतं. आमच्या बाई संकट आलं की पहिला प्रश्न विचारतात, "टेबल कुठे आहे?" उद्या सगळी पृथ्वी बुडायला लागली आणि उरलेली माणसं एका होडीत चढली, तर बाई सगळ्यांत शेवटी चढतील, आणि चढता चढता तांडेलाला विचारतील की या होडीत एखादीला कळा सुरू झाल्या तर टेबल कुठे, आडोसा कुठे, उजेड कुठे आणि हात धुवायचं पाणी कुठे. तांडेल म्हणेल, बाई, इथे जीव वाचवायची पंचाईत आहे. बाई म्हणतील, "मी तेच विचारतेय."

मी हे कौतुकाने लिहितोय असा कुणाचा समज नको. माझं त्या बाईंशी भांडण आहे. ते जुनं आहे, पक्कं आहे, आणि मिटवायचा माझा विचार नाही. पण माल चांगला असेल तर तो वैऱ्याच्या दुकानातला असला तरी चांगलाच म्हणावा लागतो, एवढा धंदा मला कळतो.

मी मंडपवाला. दुसऱ्याचे बांबू खांद्यावर वाहण्यापासून सुरुवात केली. आज म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना रस्त्याला लागून माझं स्वतःचं लग्नाचं कार्यालय आहे. खुर्च्या माझ्या, जनरेटर माझा, नवरानवरीला बसायचं लाल मखमलीचं सिंहासनही माझं. यातलं काही मला कुणी दिलेलं नाही. एकेक वस्तू घासाघीस करून घेतलेली आहे. माझ्याशी भाव करायला बसलेली माणसं उठताना पाणी मागतात. त्यामुळे एका सकाळी पांढऱ्या केसांची, ठेंगणी, सुती साडीखाली पुरुषी बूट घातलेली एक बाई दारात येऊन "हॉल बघायचाय" म्हणाली, तेव्हा मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

बाईंनी हॉल बघितला तो असा. स्टेजकडे ढुंकून पाहिलं नाही. झुंबराकडे पाहिलं नाही. सरळ मागे संडासात गेल्या, आतून दार लावलं आणि आतूनच ओरडल्या, "कडी कुठाय?" मी म्हटलं, कडी बाहेरून आहे. बाई म्हणाल्या, "बाहेरून कडी गोठ्याला असते. माणसांना आतून लागते." मग त्यांनी दिवा मागितला, संडासापर्यंतच्या बोळात दुसरा दिवा मागितला, कोपऱ्यातल्या खोलीला जाड पडदा मागितला. मी म्हटलं, भाड्याचं बोलू. "तुम्ही म्हणाल ते," बाई म्हणाल्या. मी आयुष्यात असा अपमान करून घेतला नव्हता. मी मुद्दाम चढवून सांगितलं, म्हणजे त्या खाली ओढतील आणि आपण मध्यावर येऊ. बाईंनी मान डोलावली आणि पुन्हा म्हणाल्या, "कडी आतून." कडी बसवली. आणि भाव न करणाऱ्या माणसाशी भाव करता येत नाही म्हणून शेवटी मीच भाडं कमी केलं. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, लुबाडलं मला एका म्हातारीने.

बाईंचं काम काय, ते सांगतो. त्या नर्सबायकांना आणि आशाताईंना शिकवायच्या. वादळ आलं, पूर आला, दरड कोसळली, रस्ते बंद, वीज बंद, डॉक्टर खाडीपलीकडे अडकलेला. अशा वेळी शाळेत नाहीतर असल्या एखाद्या हॉलमध्ये शेकडो माणसं येऊन पडतात. त्यात कुणाचे दिवस भरलेले असतात, कुणाचा गर्भ नुकताच पडलेला असतो, कुणाला पाळी आलेली असते आणि बदलायला चिंधी नसते, कुणाच्या गोळ्या घरातल्या डब्यासकट वाहून गेलेल्या असतात, आणि कुणाला अंधारात बोळातून जायची भीती वाटत असते, त्या भीतीचं कारण ती कुणाला सांगत नाही. या सगळ्यांचं पहिल्या दिवसापासून काय करायचं, हे बाई शिकवायच्या. पहिल्या दिवसापासून, यावर त्यांचा फार जोर. तहसील कचेरीतल्या बैठकीला मंडप-खुर्च्यांसाठी मलाही बोलावतात, तिथे मी हे पाहिलंय. तांदूळ झाला, ताडपत्री झाली, जनावरांचा चारा झाला, साहेब उठायला लागले, आणि बाई उभ्या राहिल्या. "म्हशींची सोय झाली. आता बायकांची करू." आणि पाळीपासून सुरुवात केली. भर सभेत, माइक न घेता. आमच्या सरपंचांना खोकल्याची उबळ आली. बाई थांबल्या. म्हणाल्या, "सरपंच, सावकाश खोका. मला घाई नाही." सगळी सभा त्यांच्या खोकल्याकडे कान लावून बसली. शेवटी बिचाऱ्याचा खोकला लाजून थांबला आणि बाई जिथे थांबल्या होत्या त्याच शब्दापासून पुढे सुरू झाल्या.

त्यांच्या प्रशिक्षणाचा थाट एखाद्या नाटक कंपनीसारखा असायचा. एक लोखंडी ट्रंक यायची. तीत एक कापडी बाळ, त्याला दोरीची नाळ, नाळेला कापडी वार, एक लाकडी खोकं, त्यातून बाळ बाहेर काढायचं. रक्त पाहिजे म्हणून बाई आमच्याच स्वयंपाकघरातून कोकमाचं आगळ घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ते माझ्या धुतलेल्या पांढऱ्या चादरींवर भसाभसा ओतलं आणि ओरडल्या, "बाई रक्तात न्हातेय! काय करणार? बोला!" नर्सबाया गोंधळल्या. मी दारातून किंचाळलो, "चादर!" बाई म्हणाल्या, "बघा, एकच माणूस जागा आहे, आणि त्याला चादर दिसतेय." त्या चादरींचे डाग अजून आहेत. लग्नात मी त्या उलट्या अंथरतो.

दुसरी तऱ्हा ऐका. हॉलमध्ये शांतता असली की बाईंना चैन पडायचं नाही. त्या म्हणायच्या, वादळ काय तुम्हाला विचारून आवाज करणार आहे का? म्हणून त्या मेन स्विच बंद करायच्या, खिडक्या लावून घ्यायच्या, माझ्या रखवालदाराला, धर्माला, पत्र्यावर काठ्या बडवायला चढवायच्या. तरी आवाज पुरेना. तेव्हा त्यांनी मला विचारलं, लग्नात तुमच्याकडे वाजवायला कोण येतं? आणि खरोखरच खालुबाजावाले बोलावले. भर दुपारी, अंधारात, कानाचे पडदे फाटतील अशी सनई आणि ढोल चालू, आणि त्या गजरात चार-चार नर्सबाया टॉर्चच्या उजेडात कापडी बाळाला बाहेर काढतायत. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. "शेठ, कुणाचं लगीन हाय?" धर्मा पत्र्यावरून ओरडायचा, "लगीन न्हाय, डायरेक बाळंतपन हाय!"

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे मी. मला राग लवकर येतो. लपवून उपयोग नाही, पंचक्रोशीला ठाऊक आहे. आगळाच्या प्रकरणानंतर मी हॉलमध्ये शिरून जो तमाशा केला, तो बाईंनी हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकला आणि मग नर्सबायांकडे वळून म्हणाल्या, "हा बाळंतिणीचा बाप. असाच येतो. याच्यासमोर हात थरथरता कामा नये." आणि मला म्हणाल्या, "छान. उद्या जेवणानंतर पुन्हा या. आज ओरडलात तसंच ओरडा." मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मा खरंच बोलवायला आला. मी तावातावाने गेलो ते सांगायला, की मी काय तुमच्या ट्रंकेतलं खेळणं आहे का? पण ते सांगताना आवाज चढला, आणि बाई मागून म्हणाल्या, "उत्तम! चालू द्या!" तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात माझा प्रवेश ठरलेला. खालुबाजा, अंधार, आगळ, आणि मी. काही पोरी पहिल्यांदा रडायच्या. जवळच्याच उपकेंद्रात शबाना म्हणून एक नवी सिस्टर आली होती, किनाऱ्याकडच्या मोहल्ल्यातली, बाप आखातात नोकरीला. मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो तेव्हा तिच्या हातून कापडी बाळ माझ्याच पायावर पडलं. बाई म्हणाल्या, "उचल. पुन्हा." मी पुन्हा ओरडलो. पुन्हा पडलं. "पुन्हा." संध्याकाळपर्यंत ती पोर माझ्याकडे न बघता म्हणायला लागली, "चाचा, दाराबाहेर उभं राहून ओरडा, आत उजेड अडतोय." सगळा हॉल हसला. मला राग आला. पण तो राग खरा की ठरलेला, हे त्या बायकांना कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आमच्याकडची एक रीत बाईंनी फार बारकाईने हेरली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी मुंबईला असो, पनवेलला असो, सुरतेला असो, सातवा लागला की आईकडे येते. पण सरकारदप्तरी तिचं नाव असतं सासरच्या गावात. वादळाच्या आधी इकडची आशाताई आपल्या गावातल्या गरोदर बायका सुरक्षित ठिकाणी हलवते, तेव्हा ही माहेरवाशीण तिच्या हिशेबातच नसते. आणि तिची आई, दृष्ट लागेल म्हणून, कुणाला सांगत नाही. म्हणून बाई शिकवायच्या, हॉलमध्ये शिरल्यावर गरोदर कोण असं विचारायचंच नाही, कुणी हात वर करणार नाही. विचारायचं, "कुणाची लेक आलीय गो घरी?" मग बघा, अर्ध्या म्हाताऱ्या हसतील आणि त्या हसण्यातच कळेल.

यात माझी थोरली सापडली. वैशाली. पनवेलला दिली होती. पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे आलेली, आणि माझ्या बायकोनेही रीतीप्रमाणे तोंडाला कुलूप लावलेलं. बाई त्या वेळी अलिबागला होत्या. वादळाचा इशारा आला तशा त्या आदल्या दिवशी मिळेल त्या एसटीने येऊन माझ्या हॉलमध्ये ट्रंकेसकट दाखल झाल्या. किनाऱ्यावरची माणसं हॉलमध्ये हलवलेली, आम्हीही घराचे पत्रे भरवशाचे नाहीत म्हणून तिथेच. शबाना सिस्टरही तिथेच होती. बाई माझ्या बायकोसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लेक आलीय ना?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे काय बघता? ते ओरडण्यापुरते आहेत." आणि वैशालीला पडद्यामागच्या खोलीत नेऊन तपासून आल्या. शबानालाही तपासायला लावलं. "दिवस भरलेत, पण सगळं व्यवस्थित आहे," एवढं बोलल्या.

सकाळी वारा आला. मी त्याचं वर्णन करणार नाही. ज्यांनी सुपारीची अख्खी वाडी काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झालेली पाहिलीय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी जोर ओसरला तेव्हा बाहेर रस्ता म्हणून काही उरलेलंच नव्हतं. आणि आत वैशालीला कळा सुरू झालेल्या. मी निश्चिंत होतो. खोटं का बोलू? जिल्ह्यातली सगळ्यांत जाणती बाई माझ्या छपराखाली होती. मनात म्हटलं, आतून बसवलेल्या त्या कडीचे पैसे आज वसूल.

एवढ्यात कोळीवाड्यातला एक माणूस आला. झाडांवरून चढत, उतरत, अंग ओरबाडलेलं. तिथल्या शाळेत त्याची भावजय अडली होती. "कालधरनं कळा खातंय, बाई. आता त्या बी थांबल्यात. तिकरं कुनी सुदीक न्हाय." शाळेत ना नर्स होती, ना आशाताई; गावात जी आशाताई होती तिचं घर पडलं म्हणून ती दुसऱ्या टोकाला अडकलेली. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, दोन-तीन प्रश्न विचारले. मग ट्रंक उघडली, एक पिशवी भरली आणि साडीचा पदर कमरेला खोचला.

मी दारात आडवा झालो. "कुठे चाललात?"

"तिकडे."

"आणि माझी पोरगी?"

"तिच्याजवळ शबाना आहे."

"ती पोर? तिच्या हातातून चिंध्यांचं बाळ पडतं!"

"पडत होतं," बाई म्हणाल्या. "शेठ, इथे नर्स आहे. तिथे कुणी नाही. सरका."

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. धर्मासकट चार माणसं देतो, तिला झोळीतून इथे आणू, म्हणालो. बाई म्हणाल्या, त्या वाटेने तिला आणलं तर ती वाटेतच संपेल. मी म्हटलं, थोडं थांबा, वैशालीचं होऊन जाऊ दे. त्या म्हणाल्या, तेवढा वेळ तिच्याकडे नाही. मी हात जोडले. मी हे कुणासमोर केलेलं नाही. आणि हात जोडून भागेना तेव्हा शिव्या दिल्या. आयुष्यभर मी समोरच्याच्या डोळ्यांत बघून ओळखत आलोय की हा कुठे वाकेल. बाईंच्या डोळ्यांत वाकायची जागाच नव्हती. त्यांनी शबानाकडे बघून नुसती मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या हाताखालून वाकून बाहेर पडल्या. ठेंगण्या होत्या ना. आडव्या पडलेल्या आंब्यावर चढताना त्यांचे ते पुरुषी बूट दिसले, आणि मग तेही दिसेनासे झाले.

तेव्हा मी ओरडत सुटलो. अर्ध्या किनाऱ्याची माणसं हॉलमध्ये बसलेली, लेकरं घाबरून रडायला लागली, बायको मला ओढतेय, आणि मी पडद्यासमोर उभा राहून शबानाला सांगतोय की माझ्या पोरीला काही झालं तर तुझी नोकरी, तुझं घर, तुझं सगळं बघून घेईन. पडद्याआडून वैशालीचा आवाज. वरती सुटलेला पत्रा आपटतोय. वीज नाही. आणि पडदा बाजूला झाला. शबाना होती. तोंड पांढरं पडलेलं, पण हात कोपरापर्यंत धुतलेले, पाणी निथळत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि देवाशप्पथ सांगतो, त्या पोरीच्या चेहऱ्यावर ओळखीचा काहीतरी भाव आला. परगावात वाट चुकलेल्या माणसाला एकदम आपल्या माणसाचं घर दिसावं तसा. म्हणाली, "चाचा, दाराबाहेर उभं राहून ओरडा. आत उजेड अडतोय."

मी बाहेर गेलो. काय करणार? आणि बाहेर उभा राहून खरंच ओरडत राहिलो. नंतर शबानाच मला म्हणाली, की तुमचा आवाज बंद झाला असता तर मी घाबरले असते. सगळं सरावातल्यासारखं होतं, चाचा. अंधार होता, पत्रा वाजत होता, तुम्ही होतात. फक्त सनई नव्हती.

मुलगी झाली. झाल्याझाल्या रडली नाही. तो मधला काळ केवढा होता ते मला विचारू नका. आतून शबानाचा आवाज येत होता, स्वतःशीच पाठ म्हटल्यासारखा, "पुसायचं, चोळायचं, मान सरळ, तोंडावर श्वासाचा फुगा, दाबायचा, सोडायचा," आणि मग एक बारीक, चिडका आवाज आला. बायको म्हणाली, "तुमच्यावर गेलीय."

बाई आल्या त्या दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर. कमरेपर्यंत चिखल. मी ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. पण त्यांनी मला जमेतच धरलं नाही. थेट शबानासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिची परीक्षाच घेतली. हात कधी धुतलेस, नाळ कधी कापलीस, वार पुरती आली का, बघितलीस की गृहीत धरलंस, रक्त किती गेलं, बाळाला आईच्या अंगाशी कधी दिलंस. दोन ठिकाणी चूक काढून फटकारलंसुद्धा. मग म्हणाल्या, "बरं केलंस." तेवढ्यानेच शबाना मटकन खाली बसून रडायला लागली. बाईंनी बाळाला पाहिलं, वैशालीच्या पोटावर हात ठेवला, माझ्या बायकोने दिलेला चहा घेतला. कप बशीवर सारखा वाजत होता. मला वाटलं, भिजल्यात, थंडी वाजत असेल. मग त्या स्टेजवर गेल्या आणि त्या लाल मखमलीच्या सिंहासनावर चिखलाच्या साडीनिशी आडव्या होऊन झोपल्या. मखमल खराब झाली. मी काही बोललो नाही, ते फक्त त्या झोपल्या होत्या म्हणून.

नंतर मी सगळ्या बाजारात सांगत सुटलो की या बाईने माझी लेक वाऱ्यावर सोडली. त्या कधी एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. पाऊसकाळ सरल्यावर कोळीवाड्यातली मासेवाली दारात टोपली घेऊन बसली होती, तिच्याकडून मला कळलं. मी तिच्याशीही हाच विषय काढला होता. ती सुरमईवरचं पाणी झटकत म्हणाली, "शेठ, तिकरं पोर आतंच गेलतं. ती बाई यायच्या आदीच. मंग रगात थांबंना. बाई तिचं प्वाट हातानं दाबून बसली ती बसली, सकाळी दवाखान्याची गारी येईपावतर हात काडला न्हाय. आमी म्हनतो, बाई जरा उठा, आमी धरतो. तं म्हनं, न्हाय, आता सोडला तं गेली. बाय वाचली, शेठ. तिची दोन पोरं हायेत आदीची." मी सुरमई घेतली. भाव करायचा राहिला.

म्हणून माझं म्हणणं बदललं, असं नाही. माझ्या लेकीला सोडून त्या गेल्या, हे खरंच आहे, आणि बापाने ते विसरायचं नसतं. फक्त बाजारात सांगायचं मी बंद केलं.

गेल्या हिवाळ्यात बाईंचं शेवटचं प्रशिक्षण माझ्याकडे झालं. गुडघे गेले होते, बूट मात्र तेच. शिकवत होती शबाना. बाई मागच्या ओळीत बसून नुसत्या ऐकत होत्या. मी सत्कार ठेवला. बाई म्हणाल्या, भाषण नको, फोटो नको, नारळ इथल्या स्वयंपाकघरात द्या, शाल ट्रंकेत टाका, बाळ गुंडाळायला बरी पडेल. पत्ता मागितला तर म्हणाल्या, भावाकडे जातेय, पत्र लिहिणार आहात का तुम्ही? मी त्यांना म्हसळ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. गाडीने पार भावाच्या दारापर्यंत सोडतो म्हटलं, तर नाही म्हणाल्या. बाकावर बसलो. एसटीला उशीर होता. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते तिथे विचारलं.

"बाई, त्या दिवशी माझी पोरगी गेली असती तर?"

बाईंनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली.

"तर तुमच्या दारात येऊन उभी राहिले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाटेल ते बोलला असतात. हातही उचलला असतात. मी उभी राहिले असते."

"आणि पुढच्या वादळात?"

"पुढच्या वादळात जिथे कुणी नाही तिथे गेले असते." मग, बस लागताना, उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "प्रत्येक वेळी दारातून निघताना वाटतं, शेठ, की आज चुकलं. एकदाही नाही वाटलं असं झालेलं नाही."

गर्दी होती. त्या तिच्यात शिरल्या, ठेंगण्या असल्यामुळे लगेच दिसेनाशा झाल्या. कुठल्या खिडकीशी बसल्या ते कळलं नाही. मी सगळ्या खिडक्यांकडे बघून हात हलवला.

माझा राग आहे तसाच आहे. बायको म्हणते, आता पुरे, नात शाळेत जायला लागली, सोडा. पण फोटो त्यांनी काढू दिला नाही, पत्ता दिला नाही, माझी एक वस्तू स्वतःसाठी म्हणून नेली नाही. एवढ्या मोठ्या बाईंचं माझ्याजवळ राहिलंय ते फक्त हे भांडण. तेही मिटवलं तर माझ्याकडे काय उरेल?